व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि खानदेशचे पाणी

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एक साधा पण निर्णायक प्रयोग जाहीर केला: काचेच्या भांड्यात मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी. पाणी न बदलताही ते स्वच्छ राहिले. घरगुती मत्स्यालयाचा पाया तो हाच.

महाराष्ट्रात या छंदाला मोठे सार्वजनिक दालन मिळाले ते १९५१ मध्ये, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या रूपाने. वनस्पती मात्र परक्या नव्हत्या. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला भारतातल्या संथ पाण्यात आपसूक वाढतात. हायड्रिला तर शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगातून सर्वांच्या ओळखीची.

जळगाव-धुळ्याच्या टाकीसाठी निवड करताना दोन गोष्टी आड येतात: बोअरचे क्षारयुक्त पाणी आणि चाळिशीपार जाणारा उन्हाळा. मऊ, थंड पाण्याच्या नाजूक जाती इथे हटकून मान टाकतात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या दोघींना मात्र पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवता येतो, म्हणून क्षार त्यांना फारसे बाधत नाहीत. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि रात्री वनस्पतीही तो वापरतात. तेव्हा उन्हाळ्यात दाटी छाटणे आणि हवेचा पंप चालू ठेवणे भाग पडते.

छाटलेली हायड्रिला नदी-तलावात टाकू नये. मत्स्यालयांच्या व्यापारातून १९५० च्या दशकात ती फ्लोरिडात पोहोचली आणि तिथले जलमार्ग तिने तुंबवले.