व्रण, वण आणि ट्रॉम्बे

मराठीतील ‘वण’ हा शब्द संस्कृत ‘व्रण’ या शब्दापासून आला. जखमेचे नाव कालांतराने तिच्या खुणेस मिळाले. या अर्थांतराचे बीज सुश्रुतसंहितेतच आढळते. जखम भरली तरी तिची खूण, म्हणजे ‘व्रणवस्तु’, देह असेतोवर नाहीशी होत नाही, असे कारण देऊन त्या ग्रंथाने ‘व्रण’ या संज्ञेची उपपत्ती लावली आहे. तथापि त्याच ग्रंथातील व्रणाच्या सात उपक्रमांत शोधन व रोपण यांच्यानंतर सातवा उपक्रम ‘वैकृतापह’, म्हणजे मागे उरलेली विकृती दूर करणे, हा होय. भरून येणे निराळे आणि पूर्ववत् होणे निराळे, हा विवेक त्यात स्पष्ट आहे.

आधुनिक काळात ट्रॉम्बे येथे या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांस मोठे साहाय्य झाले. 1974 साली तेथे ‘आयसोमेड’ हे केंद्र सुरू झाले. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी, सुमारे 25 किलोग्रे मात्रेत, वेष्टनात बंद असलेले कापूस, पट्ट्या, टाक्यांचे दोरे इत्यादी साहित्य तेथे निर्जंतुक होऊ लागले. किरण वेष्टन भेदून जात असल्यामुळे ते पुन्हा उघडावे लागत नसे. 1988 साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या ऊतकपेढीने गर्भवेष्टनाच्या पातळ पटलापासून जखमेवरील आच्छादने तयार केली व त्यांच्या निर्जंतुकीकरणासाठीही गॅमा किरणांचाच आश्रय घेतला. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली जलयुक्त जेलची पट्टी भाजलेली त्वचा ओलसर राखते, आणि त्यामुळे रोपण सुकर होते.

परंतु हे सर्व मुख्यतः त्वचेपुरते झाले. स्नायूचा प्रश्न अधिक बिकट आहे. स्नायुतंतूला लगटून असणाऱ्या ‘उपग्रह पेशी’ अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 साली वर्णिल्या. इजा होताच याच पेशी नवे तंतू घडवितात. मात्र इजा मोठी असल्यास टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या प्रेरणेने कोलॅजेन साचते आणि आकुंचन न पावणारा वण तंतूंची जागा घेतो. त्वचेवरील वण दिसतो. स्नायूतील वण बळ हिरावून घेतो. लोसार्टन या रक्तदाबावरील औषधाने उंदरांत हा तंतुसंचय घटल्याचे आढळले असले, तरी मनुष्यासाठी तो प्रस्थापित उपचार ठरलेला नाही. अल्पकाळ विश्रांती व नंतर क्रमाक्रमाने हालचाल, हाच साध्या इजेवरील मुख्य उपाय होय.

सारांश, शोधन व रोपण यांची साधने पालटली आणि सुधारली. स्नायूच्या बाबतीत सातवा उपक्रम मात्र अद्याप साध्य व्हावयाचा आहे.