धवळ्याविना चौक

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६२ साली आपली पहिली वसाहत ठाण्यात वसवली, ती वागळे इस्टेट. तिच्या नजीक, येऊरच्या डोंगरात, वारली पाडे आहेत. मराठी वाचकाला वारली परिचित आहेत ते मुख्यतः चित्रामुळे, आणि हा परिचय अर्धा आहे. लग्नात सुवासिनी गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहितात’ (हे क्रियापद समीक्षेने गांभीर्याने घ्यायला हवे), आणि धवलेरी धवळे गाऊन त्यात पालघट देवीला आवाहन करते. लेखन आणि गायन मिळून ही एकच संहिता. दोन्ही अंगे स्त्रियांच्या हाती.

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून चौक कागदावर उतरला. जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा निर्विवाद. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु या स्थलांतरात विधीचे चित्र झाले, सामूहिक कृतीला सही आली आणि तिचे कर्तृत्व बव्हंशी पुरुषांकडे गेले. धवळा मात्र पाड्यावरच राहिला: कागदाला गाता येत नाही, आणि बाजाराला गाण्याची गरजही नव्हती. देशीयतेचा एवढा ऊहापोह करणाऱ्या मराठी समीक्षेनेही धवलेरीला लोकसाहित्याच्या संकलनात बसवले. कवींच्या पंक्तीत तिचे पान मांडलेले नाही.