चैत्रगौरीची फुले : परसातील आणि बाजारातील

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही घराणी तेथे स्थिरावली, आणि त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक अशी मराठी कुटुंबेही गेली. १९४८ साली संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. माळव्यातील मराठी घरांतून चैत्रगौर मात्र उठली नाही. चैत्र शुद्ध तृतीयेस झोपाळ्यात बसलेली गौर अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. मधल्या एका दिवशी हळदीकुंकू होते, आणि त्या दिवसाची खरी परीक्षा आरासीची. साखळ्यांना मोगऱ्याचे गजरे, पायरीपायरीवर गुलाब, कण्हेर, जास्वंद, मधोमध कलिंगडाचे कोरलेले कमळ. शेजारी भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ आणि पन्हे.

परसातील फुले पुरत नाहीत, तेव्हा फुलपुडी विकत आणावी लागते. मग कोणीतरी वडीलधारी स्त्री हटकून म्हणते, ‘विकतच्या फुलांची कसली पूजा!’ ज्या सुनेला परसच नाही, तिने यावर काय म्हणावे? वकिलीच्या सवयीने आम्ही हा वाद शास्त्रापुढे नेतो.

स्वतःच्या बागेतील फूल उत्तम, हे शास्त्रकारांना मान्य आहे. परंतु शिळ्या फुलांचा निषेध करतानाच त्यांनी माळ्याच्या घरातील फुलांना तो दोष लागत नाही असा अपवाद ठेवला. बाजारावाचून पूजा चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. चैत्रातील दमनोत्सवासाठी दवणा जेथे असेल तेथे जाऊन तो विकत वगैरे घ्यावा, त्याची पूजा करावी आणि मग त्याला देवासाठी न्यावे, असा विधी त्यात आहे. तेव्हा पैसा मोजल्याने पावित्र्य उणावते, हे म्हणणे टिकत नाही.

खरी अडचण तिसऱ्या फुलाची, शेजाऱ्याच्या कुंपणावरील. गौतमधर्मसूत्र वेली-वृक्षांची फुले आपलीच समजून घेण्यास मुभा देते. फळांची मात्र कुंपण नसेल तरच. याज्ञवल्क्यस्मृतीने हीच सवलत द्विजांना दिली. पहाटे परडी घेऊन निघणाऱ्यांचा सारा भरवसा या वचनांवर! १८६० च्या दंडसंहितेने ती सवलत ठेवली नाही : जमिनीशी जडलेली वस्तू तोडताच चोरीचा विषय होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही, कलम ३०३ मध्ये, हेच तत्त्व आहे. विकत घेणारी सून या कलमापासून तरी निर्धास्त आहे.

धार जिल्ह्यातच राजगडजवळ मोहनखेडा हे श्वेतांबर जैनांचे तीर्थ; १९०६ साली दिवंगत झालेल्या राजेंद्रसूरींची समाधी तेथे आहे. मूर्तिपूजक जैनांच्या अष्टप्रकारी पूजेत पुष्पपूजा असते, आणि फुलाला सुई टोचू नये, त्याच्या पाकळ्या तोडू नयेत, असा दंडक श्रद्धाळू पाळतात. तेथे फूल कोणाचे यापेक्षा ते कसे हाताळले, याची चौकशी अधिक. आमच्या गौरीच्या गजऱ्यांनाही हा दंडक सहज मानवेल. गोमंतकातील अबोलीचे वळेसर सुईवाचूनच गुंफले जातात, आणि देवळाच्या दारी ते विकत घेताना आपण कधी संकोचलो नाही.

आरासीपुरते सांगायचे तर मोगरा कळीचाच घ्यावा, तोही दुपारी, आणि ओल्या फडक्यात ठेवावा. दिवेलागणीला सवाष्णी जमतात तेव्हा तो उमलू लागतो.