गाळलेल्या ‘डॉट जेएस’चा इतिहास

१/ पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल न सोडता आत काय आहे हे जाणायचे, तर वरच्या नोंदीवर विसंबावे लागते. संगणकातील फाइललाही अशी नोंद असते: नावाच्या शेवटचे एक्स्टेन्शन. जावास्क्रिप्टच्या जगात ही नोंद एकदा ऐच्छिक ठरली. त्या सवलतीची ही कथा. #थ्रेड

२/ विश्वास नोंदीवर ठेवावा की मजकुरावर, हा प्रश्न जुना आहे. एमएस-डॉस नावाच्या शेवटावरून (कॉम, ईएक्सई, बॅट) प्रोग्राम ओळखत असे. युनिक्सची वाट निराळी. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची यांनी सुचवलेल्या योजनेनुसार फाइलच्या आरंभीची ‘#!’ ही दोन चिन्हे पाहून ती कोणाकडून वाचून घ्यायची, हे ठरू लागले. तेथे नाव गौण होते.

३/ १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट रचली. ब्राउझरला स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो; आलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, हे सर्व्हर सोबत कळवतो. एक्स्टेन्शनवरून ब्राउझर अंदाज बांधत नाही.

४/ २००९ मध्ये रायन डाल यांच्या नोड डॉट जेएसने ही भाषा सर्व्हरवर रुजवली. तेथे ‘रिक्वायर’ने दुसरी फाइल बोलावताना एक्स्टेन्शन गाळता येई. मग शोध नोडने घ्यायचा: आधी दिलेले नाव जसेच्या तसे, नंतर जेएस, मग जेसन, मग नोड, तेही नसल्यास त्या नावाच्या फोल्डरमधील ‘इंडेक्स’. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, अंदाजाचे ओझे यंत्रणेवर आले.

५/ २०१५ च्या प्रमाणभाषेत मॉड्यूल आले. जुन्या आणि नव्या फाइली वाचण्याचे नियम वेगळे, शेवट मात्र दोहोंचा ‘जेएस’! ब्राउझरमध्ये ही खूण टॅगमध्येच करता आली. नोडला ‘एमजेएस’ हे नवे एक्स्टेन्शन आणावे लागले, किंवा पॅकेजच्या जेसन फाइलमध्ये तशी नोंद मागावी लागली. नव्या ‘इम्पोर्ट’मध्ये शेजारची फाइल बोलावताना पूर्ण नाव सक्तीचे झाले.

६/ जून २०१८, बर्लिन. जेएसकॉन्फच्या व्यासपीठावर डाल यांनी नोडविषयीच्या आपल्या खंती मांडल्या. एक्स्टेन्शन गाळण्याची मुभा त्यांपैकी एक होती. त्याच भाषणात त्यांनी ‘डेनो’ जाहीर केले. नाव नोडच्याच अक्षरांची उलटापालट. तेथे एक्स्टेन्शनसह पूर्ण नाव लिहायचे, हा नियम ठरला.

७/ नोडमधील ‘रिक्वायर’ मात्र आजही अपुऱ्या नावाने फाइल शोधते. असंख्य प्रोग्राम त्या सवलतीवर उभे आहेत. ती देणाऱ्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, पण तोवर ती परत घेणे कोणाच्याच हाती राहिले नव्हते.