जुने बहुखेळाडू संगणक खेळ

जुने बहुखेळाडू संगणक खेळ म्हणजे साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले व अनेकांनी आपापल्या संगणकावरून एकत्र खेळावयाचे खेळ होत. परगावी वा परदेशी गेलेल्या मित्रांशी इंटरनेटद्वारे असे खेळ खेळण्याचा प्रघात आजही टिकून आहे. मूळ कंपनीची सेवा थांबल्यावर खेळ चालू राहतो की नाही, हे मुख्यतः त्याच्या रचनेवर अवलंबून असते.

इतिहास

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये 'मड' हा केवळ मजकुरावर चालणारा खेळ लिहावयास घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो विस्तारला. 'डूम' (१९९३) या खेळात चार जण संगणकांच्या स्थानिक जाळ्यावर, म्हणजे लॅनवर, खेळू शकत. त्यानंतर 'क्वेक' (१९९६), 'एज ऑफ एम्पायर्स' (१९९७) व 'काउंटर-स्ट्राइक' (२०००) हे खेळ लोकप्रिय झाले.

मुंबईतील प्रसार

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबई हे ती प्रथम मिळालेल्या शहरांपैकी एक होते. शिवडीपासून काही किलोमीटरवरील प्रभादेवी येथे 'फ्लॅग' ही समुद्राखालील प्रकाशतंतूंची केबल किनाऱ्यावर येते. ती १९९७ मध्ये कार्यान्वित झाली. घरोघरी संगणक नसण्याच्या काळात शिवडी, परळ, लालबाग यांसारख्या वस्त्यांतील मुलांना तासाच्या भाड्याने चालणारे सायबर कॅफे हाच मार्ग होता. तेथील संगणक लॅनने जोडलेले असल्यामुळे इंटरनेट मंद असले, तरी एकाच खोलीत बसून सामने खेळता येत. पुढे शिक्षण व नोकरीनिमित्त मंडळी पांगल्यावर हेच खेळ इंटरनेटवरून खेळले जाऊ लागले. मुंबईत रविवारी सकाळी आठ वाजता न्यू यॉर्कमध्ये उन्हाळ्यात शनिवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. त्यामुळे सुटीच्या दिवशी दोन्हीकडील सवड जुळू शकते.

अंतर व विलंब

प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई व न्यू यॉर्क यांतील सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. म्हणून संदेशाच्या जाण्यायेण्यास किमान एक अष्टमांश सेकंद लागतो. केबलचा मार्ग वळणाचा असल्याने प्रत्यक्षात विलंब अधिक असतो. नेमबाजीच्या खेळांत तो लगेच जाणवतो. 'क्वेक'च्या निर्मात्यांनी १९९६ च्या अखेरीस 'क्वेकवर्ल्ड' आणून खेळाडूच्या हालचालीचा अंदाज त्याच्याच संगणकावर बांधण्याची सोय केली. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये प्रत्येक सैनिकाची स्थिती पाठवली जात नाही. केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवल्या जातात आणि प्रत्येक संगणक युद्धाचे तेच गणित स्वतंत्रपणे करतो. आज्ञा किंचित उशिराने अमलात आणण्याची योजना मुळातच असल्यामुळे हा खेळ मोडेमवरही चालत असे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ 'फ्लॅग'सह दोन केबल तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते.

सेवा बंद होणे व जतन

खेळाडूंची गाठ घालून देणारी 'गेमस्पाय' ही सेवा ३१ मे २०१४ रोजी बंद झाली व अनेक खेळांचा ऑनलाइन भाग थांबला. ज्या खेळांत लॅनची सोय होती, ते 'हमाची'सारख्या आभासी लॅनवरून किंवा 'गेमरेंजर'सारख्या पर्यायी सेवेवरून खेळता येतात. 'डूम' (१९९७) व 'क्वेक' (१९९९) यांचे मूळ प्रोग्रॅम निर्मात्यांनीच खुले केले. त्यामुळे ते नव्या संगणकांवरही चालतात आणि कोणालाही त्यांचा सर्व्हर स्वतः उभारता येतो.

याउलट, 'द क्रू' हा २०१४ चा शर्यतीचा खेळ कंपनीच्या सर्व्हरशिवाय एकट्यानेही खेळता येत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच विकत घेतलेल्या प्रतीही निरुपयोगी झाल्या. त्यानंतर युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. सेवा बंद करताना खेळ खेळण्याजोगा ठेवावा, ही तिची मागणी आहे. त्यासाठीच्या युरोपीय नागरिकांच्या निवेदनावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.