बाळगोळी ते पाळणाघर : बाळाच्या झोपेचा इतिहास

"डॉक्टर, बाळ रात्री चार-चार वेळा उठतं. झोपेचं काहीतरी औषध द्या ना!" नवलाख उंबऱ्याची एक आई परवा सांगत होती. ती एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जाते. सासूबाईंनी गुटीत जायफळाचे वेढे वाढवून पाहिले होते. बाळ तीन महिन्यांचं, वजन उत्तम, अंगावर पिणारं. आजार काहीच नव्हता.

हा प्रश्न जुनाच आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात त्याला एक भयंकर उत्तर होतं : बाळगोळी. या गोळीत अफू असे. आई दहा तास गिरणीत, घरी सांभाळायला कोणी नाही. गोळी दिली की बाळ दिवसभर निपचित पडून राही. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाईंनी कामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या अहवालानुसार या स्त्रियांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती.

या आया निष्काळजी नव्हत्या, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण अफूने येते ती झोप नव्हे, गुंगी. श्वास मंदावतो, भूक मरते, बाळ दूध मागत नाही. ते रडत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं, शांत आहे. प्रत्यक्षात ते उपाशी असतं.

यावर खरा उपाय औषधाच्या बाटलीत नव्हता. तो कायद्याने सुरू झाला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आली आणि २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली.

बाळ झोपेत नेमकं काय करतं, हे मात्र विज्ञानाला बरंच उशिरा कळलं. शिकागो विद्यापीठातले युजीन असेरिन्स्की झोपलेल्या बाळांच्या पापण्या निरखत बसत. काही वेळ पापण्या हलत, मग स्थिरावत. त्यातूनच पुढे त्यांनी आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये झोपेतली एक वेगळी अवस्था जगासमोर मांडली. या अवस्थेत डोळे पापण्यांआड भराभर फिरतात आणि मेंदू जागेपणीइतकाच कामात असतो. १९६६ मध्ये रॉफवर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप अशी असते. मोठ्यांमध्ये ती साधारण पाव भाग असते. वाढत्या मेंदूची जडणघडण होण्यास ही झोप मदत करते, असा विचार त्यांनी मांडला. म्हणून बाळ झोपेत हसतं, चुळबुळतं, तोंड वाकडं करतं. अफूसारखी द्रव्यं नेमकी हीच झोप कमी करतात.

बाळाच्या झोपेचं एक आवर्तन ५० ते ६० मिनिटांचं असतं, आपलं सुमारे ९० मिनिटांचं. पोटही लहान. दिवस-रात्रीची घडी बसायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे रात्री उठणं हा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पहिले तीन महिने बाळाला २४ तासांत १४ ते १७ तास झोप हवी, आणि ४ ते ११ महिन्यांपर्यंत १२ ते १६ तास. ती सलग असावी असं नाही.

म्हणून बाळाला झोपेसाठी खोकल्याचं किंवा सर्दीचं औषध देऊ नका. जायफळही जास्त झालं तर अपाय करतं. बाळाला पाठीवर, सपाट जागी झोपवा. दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवा. मात्र बाळ उठवूनही उठत नसेल, पीत नसेल किंवा श्वास घेताना कण्हत असेल, तर तातडीने दवाखाना गाठा.

त्या आईला मी औषध लिहून दिलं नाही. सोबत आलेल्या तिच्या नवऱ्याला सांगितलं, "रात्री बाळ पिऊन झालं की ढेकर काढून थोपटायचं काम तुमचं." सासूबाई हसल्या. गिरणीतल्या त्या आईला नेमकी अशीच सोबत मिळाली नव्हती.