हिंगणघाटची कापूसपेठ आणि चिंतामणराव देशमुखांची कारकीर्द

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र बहुधा पदांच्या क्रमाने सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (१९४३-४९), भारताचे अर्थमंत्री (१९५०-५६), विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष (१९५६-६१), ही ती मालिका होय. परंतु पैशाचे नियमन शेवटी कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न मुंबई-दिल्लीपेक्षा हिंगणघाटसारख्या पेठेतून पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो.

वणा नदीकाठचे हिंगणघाट एकोणिसाव्या शतकात आपल्या कापसाच्या नावाने लिव्हरपूलच्या बाजारातही परिचित होते. कापसाला पैसा दोनदा लागतो. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला आणि वेचणीनंतर व्यापाऱ्याला. दुसरी गरज अडत, हुंडी व बँका यांच्याद्वारे भागे. पहिलीसाठी मात्र बहुतांशी सावकाराचेच दार गाठावे लागे.

१८९६ साली महाडजवळील नाते येथे जन्मलेले देशमुख आय. सी. एस. होऊन मध्यप्रांतात रुजू झाले. हिंगणघाटही त्याच प्रांतात होते. जिल्ह्याचा कारभार, जमीनमहसुलाचा बंदोबस्त आणि सचिवालय असा अनुभव घेऊन ते १९३९ मध्ये रिझर्व्ह बँकेत आले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताचे एक प्रतिनिधी होते. त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळातच १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी बँकिंग कंपन्यांचा कायदा अंमलात आला. बँकांना परवाना व तपासणी यांचे बंधन पडले. ठेवीदाराला संरक्षण लाभले. सावकाराची वही मात्र या तपासणीच्या कक्षेबाहेरच राहिली.

ही उणीव किती मोठी होती, हे ए. डी. गोरवाला समितीच्या १९५४ मधील ग्रामीण पतपाहणीने दाखविले. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के व व्यापारी बँकांचा ०.९ टक्का होता. सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. समितीच्या शिफारशीस अनुसरून १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक स्थापन झाली आणि पाच वर्षांत ४०० शाखा उघडण्याचे दायित्व तिच्यावर कायद्याने आले. देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते. श्रेय एकट्याचे नव्हे; तथापि नियमन म्हणजे केवळ निर्बंध नसून पतपुरवठ्याचा विस्तारही होय, ही जाणीव या धोरणात दिसते.

जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता निर्णय झाला, हा त्यांचा एक प्रमुख आक्षेप होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वर्धा जिल्हा, व त्याबरोबर हिंगणघाट, मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

बँकांना जी शिस्त लावली, तीच त्यांनी मंत्रिमंडळाकडूनही अपेक्षिली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या कारकीर्दीचे सामर्थ्य या सुसंगतीत आहे. तिची मर्यादाही तेथेच सापडते. रीत जेथे हिशेब समोर येतात तेथे चालते. पेरणीपूर्वी पैसा शोधणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत होता. म्हणून नियामकाचे मूल्यमापन करताना बुडण्यापासून वाचलेल्या बँकांबरोबरच बँकेच्या दारापर्यंत न पोहोचलेल्या कर्जदारांचीही गणना अभ्यासकाने केली पाहिजे.